चिंचेपर्यंत सर

"अहो, एवढी भाकरी तरी संपवा. सुई घेतलीय नव्हं?"

"घशाखाली उतरत नाही गं. मधल्या सुट्टीत खातो. डबा भरून दे."

अप्पांनी ताट पुढं सरकवलं. अर्धी भाकरी तशीच होती, पिठल्याला तर बोटही लागलं नव्हतं. आईनं डबा भरायला घेतला. चुलीशेजारच्या पातेल्यात काचेची सिरिंज अजून कोमट पाण्यात पडून होती. औषधाची बाटली न्हाणीघरातल्या कोनाड्यात, ओल्या वाळूच्या मडक्यात पुरलेली असे. घरात फ्रिज नव्हता, अख्ख्या गल्लीत नव्हता. कुणी पाहुणा हातपाय धुवायला न्हाणीकडे निघाला की आई त्याच्या आधी आत जाऊन मडक्यावर घमेलं पालथं घालून यायची.

अप्पांना साखरेचा आजार होता, हे बेळगावचे डॉक्टर आणि आम्ही घरची माणसं सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. आमच्या भागात त्या काळी इंजेक्शन सुरू झालं म्हणजे माणूस निघालाच, असं लोक धरून चालत. त्यात वसूताईचं संकेश्वरला जवळजवळ ठरत आलं होतं. बापाला आहे म्हणजे मुलीलाही होणार, असं म्हणून ती मंडळी पाय मागे घेतील, ही अप्पांची धास्ती. म्हणून मडकं, म्हणून घमेलं.

पण आजार लपवला तरी त्याची सोंगं कशी लपवणार? दिवाळीआधीच्या बाजारात अप्पांची साखर उतरली. भर रस्त्यात त्यांची पावलं वेडीवाकडी पडायला लागली, कापडदुकानाच्या पायरीवर ते मटकन बसले आणि "काय सर, बरं हाय न्हवं?" असं विचारणाऱ्याला त्यांनी भलतंच काहीतरी उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं. नेसरीकर सर घेतात.

"अध्यक्षांचा निरोप आलाय," अप्पा कोटाची बटणं लावत आईला म्हणाले. "इन्स्पेक्टरसाहेबांबरोबर तेही बसणार आहेत माझ्या तासाला."

"भाऊसाहेब इंगवले? त्यांना कुठं इंग्रजी येतंय?"

"इंग्रजी ऐकायला नाही येत ते. वास घ्यायला येतायत."

आईचा हात डब्यावरच थांबला. शाळा भाऊसाहेबांच्या संस्थेची. मास्तर दारू पिऊन वर्गात येतो असं त्यांच्या मनानं एकदा घेतलं की अप्पांची नोकरी गेलीच.

"मग सांगून टाका की खरं काय ते."

"आणि संकेश्वरकर?"

आतल्या खोलीत वसूताई केस विंचरत होती. फणीचा आवाज बंद झाला. त्या घरात आमचं सगळ्यांचं सगळं एकमेकांना ऐकू यायचं आणि कुणीच काही ऐकलं नाही असं आम्ही वागायचो.

"पमे, कंपास?" अप्पांनी मला विचारलं.

"आहे," मी म्हणाले, आणि दप्तरावर हात ठेवला.

"लक्ष ठेव."

एवढंच माझं काम होतं. माझ्या कंपासपेटीत, कोनमापकाच्या खाली, कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा असायचा. शिक्षकानं वर्गात तोंड हलवलेलं बरं दिसत नाही, म्हणून अप्पा खिशात काही ठेवत नसत. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला, किंवा फळ्यावरची ओळ उताराला लागली, की मी उभी राहायची आणि विचारायची, "मे आय ड्रिंक वॉटर, सर?" मग ते "वही दाखवा आधी," असं म्हणत माझ्या बाकापाशी यायचे, उघड्या कंपासमधला खडा मुठीत घ्यायचे आणि फळ्याकडे तोंड करून गट्टम करायचे. वर्गातल्या कुणाला कधी पत्ता लागला नाही. मुंग्यांना मात्र लागायचा.

शाळेच्या फाटकाबाहेर एक चिंच होती. रोज आम्ही दोघं घरून बरोबर निघायचो, शेतं, डुकरं, गणिताच्या मास्तरांचं नवं धोतर असल्या विषयांवर बोलत यायचो, आणि चिंच आली की अप्पा गप्प व्हायचे. मी मागे राहायची. ते पुढे जायचे. चिंचेच्या पलीकडे ते सर आणि मी मिस नेसरीकर. संध्याकाळी परत येताना चिंच ओलांडली की पुन्हा अप्पा आणि पमी. शिक्षकांच्या घरात हे असं असतंच, पण आमच्याकडे ते फार कडक होतं. पाचवीत असताना एकदा मी भर वर्गात "अप्पा, माझी वही घरी राहिली" म्हणून बसले. पोरं महिनाभर माझ्यामागे "अप्पा, अप्पा" करत फिरली आणि कुणाच्या तरी आईनं शाळेत येऊन सांगितलं, की मास्तर स्वतःच्या पोरीला मार्क वाढवून देतो. त्या रात्री अप्पांनी मला समोर बसवलं.

"शाळेत तू मला अप्पा म्हणालीस तरी मी ओ देणार नाही. ध्यानात ठेव."

मार्कांचं म्हणाल तर सहामाहीला माझे हक्काचे मार्कसुद्धा ते कापायचे.

वर्गात ते सगळ्या मुलींना मिस म्हणत आणि मुलांना मास्टर. म्हशी धुऊन तसाच ओल्या पायांनी आलेल्या शिवाप्पाला "मास्टर शिवाप्पा, प्लीज स्टँड अप" म्हटलं की तो खरोखरच छाती काढून उभा राहायचा. आणि नावं! शाळेतल्या एकूण एका पोराचं नाव त्यांना पाठ. वाटेत भेटलेल्या जुन्या विद्यार्थ्यालाही ते नावानंच हाक मारायचे, मग तो दोन पोरांचा बाप झालेला का असेना.

त्या दिवशीही चिंचेपाशी आम्ही थांबलो. पुढे होण्याआधी अप्पा वळून म्हणाले, "भिऊ नको. नॉमिनेटिव्ह ऑफ ॲड्रेस घेतोय. पोरांना एकमेकांना हाका मारायला लावतो, वर्ग जागा राहतो."

"डबा खा मधल्या सुट्टीत."

"खातो म्हटलं ना."

आणि ते गेले, सर होऊन.

मधली सुट्टी झालीच नाही. साहेबांची जीप उशिरा आली. मग मैदानात हार झाले, लेझीम झालं, स्वागतगीताच्या पेटीचा एक सूर अडकला तो सोडवण्यात वेळ गेला, आणि भाऊसाहेबांनी शिस्तीवर भाषण केलं. सूर्य डोक्यावर आला. शेवटी हेडमास्तरांनी जाहीर केलं, "आज मधली सुट्टी मिळणार नाही, तपासणी सलग चालेल." पोरांनी नाकं मुरडली. मी अप्पांकडे पाहिलं. शिक्षकांच्या रांगेत अप्पा हात मागे बांधून उभे होते. त्यांचा डबा शिक्षकांच्या खोलीत, खिडकीत होता. मला तो तिथून दिसत होता.

आमचा वर्ग नववीचा. मागच्या भिंतीला दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर इन्स्पेक्टर कामतसाहेब, बारीक चणीचे, चष्म्यातून सगळ्याकडे संशयानं बघणारे. दुसरीवर भाऊसाहेब, फेटा, पांढऱ्या मिशा, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. त्यांनी आल्याआल्याच खुर्ची जरा पुढे ओढून घेतली. वास घ्यायला येतायत, हे मला आठवलं आणि मी श्वास धरला, जणू वास माझाच येणार होता.

पण अप्पांनी सुरुवात झकास केली. फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. बॉइज, सिट डाउन. कम हिअर, मालन. वेट फॉर मी, शिवाप्पा. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, ओळ सरळ.

"आता बघा. पहिल्या वाक्यात बसायचं कुणी? मास्टर पांडुरंग?"

"पोरांनी, सर."

"बरोबर. पण क्रियापदाला विचारलंत तर ते 'बॉइज'ला ओळख दाखवत नाही. हा शब्द वाक्यात असतो, पण वाक्याचा नसतो. कर्ता नाही, कर्म नाही. नुसती हाक. काढून टाकला तरी वाक्य उभं राहतं. मराठीत हाक मारताना आपण नावालाच ओढतो. मुलं, की मुलांनो. इंग्रजीत नावाला धक्का लागत नाही, ते आपलं बाजूला बसून असतं. ह्याला म्हणायचं नॉमिनेटिव्ह ऑफ ॲड्रेस."

"एक मिनिट," मागून कामतसाहेब म्हणाले. "हल्ली व्होकेटिव्ह म्हणतात. नव्या अभ्यासक्रमात तसंच आहे."

अप्पा हसले.

"म्हणतात, साहेब. दोन्ही चालतं. हाकेला नाव काही द्या, समोरच्यानं ओ दिली म्हणजे झालं."

कामतसाहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. भाऊसाहेब तर मोठ्यानं हसले आणि त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मला वाटलं, सुटलो. आता तासाची घंटा होईल, अप्पा डबा खातील, भाऊसाहेब घरी जातील.

मग अप्पांनी चौथं वाक्य लिहायला घेतलं आणि ओळ उताराला लागली.

आधी थोडीच. मग शेवटचा शब्द पार तिसऱ्या वाक्यापासून हातभर खाली गेला. खडू मोडला. अप्पांनी तो उचलला नाही, हातातल्या तुकड्याकडे ते बघत राहिले. वळले तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. डिसेंबर महिना होता.

मी लगेच उभी राहिले. "मे आय ड्रिंक वॉटर, सर?"

एका हातानं मी कंपास उघडली. कोनमापक बाजूला केला. खाली कागद होता, चुरगळलेला, आणि त्यावर चार मुंग्या. खडा नव्हता.

"मालन," मी ओठ न हलवता विचारलं, "गूळ?"

माझ्या शेजारी बसणाऱ्या मालननं डोळे मोठे केले. "काल मीच खाल्ला की," ती कुजबुजली. "मुंग्या लागल्यावत्या. म्हटलं वाया जाईल."

बिचारीला काय ठाऊक? तिच्या लेखी तो गूळ म्हणजे गूळच होता.

"सिट डाउन," अप्पा म्हणाले.

ते माझ्या बाकाकडे आले नाहीत. वही मागितली नाही. त्यांना खूण कळलीच नव्हती.

"नाउ," ते म्हणाले आणि मालनकडे बोट केलं. "यू. मिस... मिस..."

पुढे काही नाही. मालन अर्धवट उठून उभी. फळ्यावर तिचं नाव लिहिलेलं, त्यांच्याच अक्षरात, त्यांच्या पाठीमागे. आणि अप्पांना ते सापडेना. त्यांनी शिवाप्पाकडे बोट वळवलं. "मास्टर..." तिथंही नाही. मागून कुणीतरी खुदकन हसलं. सरांना नाव आठवत नाही, असं त्या शाळेत कधी घडलंच नव्हतं. पोरांना वाटलं, ही धड्यातलीच काहीतरी गंमत आहे.

मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी काठी पुन्हा हातात घेतली होती. कामतसाहेबांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि भाऊसाहेबांनी मान हलवली. काय बोलले ते ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरजही नव्हती.

काय करू? "सरांना बरं नाही" म्हणून ओरडू? मग काय झालंय, कधीपासून, काय घेतात, सगळं बाहेर येणार. संकेश्वर, वसूताईच्या फणीचा थांबलेला आवाज. गप्प बसू? मग ते इथेच कोसळणार, भाऊसाहेबांच्या पुढ्यात, आणि गाव म्हणणार, बघा, आम्ही सांगत नव्हतो? मला रडायला येत होतं आणि रडणं हेसुद्धा चिंचेच्या आतल्या नियमात बसत नव्हतं.

मी पुन्हा उभी राहिले. आवाज फाटला. "मे आय ड्रिंक वॉटर, सर?"

"नो!" अप्पा ओरडले. ते वर्गात कधीच ओरडत नसत. टेबलाला धरून ते माझ्याकडे बघत होते, डोळे बारीक करून, धुक्यातून येणारी गाडी ओळखायला बघावं तसे. "हू आर यू?"

वर्ग हसला. सगळ्यांना वाटलं, सर मिस नेसरीकरची फिरकी घेतायत.

मी नाही हसले. माझ्या वडिलांना मी कोण ते माहीत नव्हतं.

"मी पमी," मी म्हणाले. "अप्पा, मी पमी."

हसू पसरलं. "अप्पा, अप्पा," कुणीतरी मागून चिडवलं. अप्पांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

त्याच वेळी दारात गुंडूमामा उभे राहिले, शाळेचे शिपाई, हातात ट्रे आणि ट्रेमध्ये साहेबांसाठी दोन कप चहा. गुंडूमामांचा पाहुण्यांसाठीचा चहा म्हणजे निव्वळ पाक. शिक्षक चेष्टेनं म्हणत की त्यात चमचा उभा राहतो. बाक ओलांडून मी दाराकडे कशी गेले ते मला आठवत नाही. ट्रेमधला कप बशीसकट उचलला एवढं आठवतंय.

"अगं ए, साहेबांचा हाय तो!" गुंडूमामा किंचाळले.

अर्धा चहा माझ्या हातावर सांडला. उरलेल्यातला थोडा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी अप्पांच्या तोंडाशी नेली.

"अप्पा, प्या. अप्पा, चहा."

त्यांनी माझा हात झटकला. बशी कलंडली, चहा त्यांच्या कोटावर गेला. दात घट्ट आवळलेले. मी कपातला आणखी बशीत ओतला. "अप्पा, ऐका ना. अप्पा!" मी किती वेळा म्हणाले असेन कोण जाणे. आता कुणी हसत नव्हतं. ते माझ्या डोक्यावरून पलीकडे, वर्गाकडे बघत होते, आणि एका हातानं मला बाजूला सारत होते, तासाला अडथळा आणणाऱ्या पोराला सारतात तसं. कपात आता तळाशी घोटभर राहिला होता.

तेव्हा मला सुचलं, की सुचलं नाही, तोंडातून आलं. मी एक पाऊल मागे झाले. ताठ उभी राहिले. बशी दोन्ही हातांत धरली.

"एक्स्क्यूज मी, सर," मी म्हणाले. "प्लीज ड्रिंक धिस, सर."

अप्पांची नजर खाली आली. बशीवर थांबली. त्यांनी हात पुढे केले, बशी घेतली, आणि अगदी रीतसर, जरासं वाकून म्हणाले, "थँक यू, मिस."

आणि प्याले.

"अजून," मी गुंडूमामांना म्हणाले. त्यांनी दुसरा कप स्वतःच पुढे केला, साहेबांकडे न बघता. अप्पांना मी खुर्चीवर बसवलं. "प्लीज, सर. वन मोर, सर." ते घोट घोट घेत राहिले. मी प्रत्येक घोटाला सर म्हणत राहिले, न जाणो थांबले तर तेही थांबतील.

काठीचा आवाज जवळ आला. भाऊसाहेब उठून पुढे आले होते. सगळ्या वर्गादेखत ते अप्पांवर वाकले आणि अप्पांच्या तोंडाशी नाक नेऊन त्यांनी लांब श्वास घेतला. मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. चहाचा वास, खडूचा वास, दुसरं तिथं काही नव्हतं. भाऊसाहेबांनी अप्पांच्या कपाळावर हात ठेवला. घामानं भिजलेला तळवा वर करून बघितला.

"कामतसाहेब," ते शेवटी वळून म्हणाले, "सरांचा आज निर्जळी उपास हाय. माझ्या ध्यानातनंच गेलं बघा. त्यात भाषण मी लांबवलं." आणि पोरांकडे बघून त्यांनी काठी आपटली. "काय बघताय? सुट्टी! भाईर व्हा सगळी!"

पोरं धूम पळाली. कामतसाहेबांना हेडमास्तर जेवायला घेऊन गेले. भाऊसाहेब तेवढे मागे राहिले. त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं.

"कधीपासनं सुई घेत्यात?"

मी मान खाली घातली. सांगायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं.

"नको सांगूस. आमच्या थोरल्या बंधूचं असंच व्हायचं. झोकांड्या जायचा, कायबी बरळायचा. लोक म्हणायचे, घेतो." त्यांनी फेटा नीट केला, तो नीटच होता. "आम्हीबी म्हणालो. घरात घेतलं न्हाई दोनदा. डॉक्टरनं खरं काय ते सांगितलं तवा त्याला पोचवून आलोवतो."

दारापर्यंत जाऊन ते थांबले. "त्यास्नी सांग, खिशात खडीसाखर ठेवा म्हणावं. मास्तरानं वर्गात तोंड हलवलं म्हणून संस्था बुडत न्हाई."

वर्गात आम्ही दोघंच उरलो. मी शिक्षकांच्या खोलीतून डबा आणला. अप्पा खुर्चीवर बसूनच जेवले, सकाळचीच भाकरी, गार झालेली. कोटावरच्या चहाच्या डागाकडे ते बघत होते, मग फळ्याकडे, त्या घसरत गेलेल्या ओळीकडे.

"हे मी लिहिलं?"

"हो, सर."

"हात बघू तुझा."

मी हात पुढे केला. चहा सांडला होता तिथं लाल झालं होतं. ते बराच वेळ त्यावर हळू फुंकर घालत राहिले.

"संकेश्वरला उद्या मी स्वतः जाऊन सांगतो," ते म्हणाले. "लपवून पोर द्यायची नाही कुणाला." आणि ते गेलेही. त्या मंडळींनी चहा दिला, पोहे दिले आणि पुढच्या आठवड्यात नकार कळवला. वसूताईचं लग्न त्यानंतर वर्षानं निपाणीला झालं. तिचे सासरे साखरेचं दुकान चालवायचे, आणि ह्यावर अप्पा आयुष्यभर हसले. पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती. मी नियम मोडला होता, एकदा नव्हे, कितीतरी वेळा, साहेबांपुढे आणि सगळ्या वर्गापुढे.

"काय म्हणालीस तू मला?" त्यांनी विचारलंच.

"आधी मी अप्पा म्हणाले," मी चाचरत म्हणाले. "तुम्ही ऐकलं नाही. मग सर म्हणाले."

"ऐकलं होतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"अप्पा, अप्पा ऐकू येत होतं मला," ते सावकाश, शब्द जुळवत म्हणाले. "लांबून. वाटलं, कुणाची तरी पोर बापाला हाक मारतेय. इतकी कळवळून मारतेय, आणि तो मेला ओ देत नाही. मला राग आला होता गं त्या बापाचा."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, पुन्हा लावलं. बाहेर पोरांचा गलका चालला होता, लेझमीच्या साखळ्या कुणीतरी उगाच वाजवत होतं.

"परत मार बघू," ते म्हणाले.

"काय?"

"हाक."

मी दाराकडे पाहिलं. व्हरांड्यातून गुंडूमामा कपबशा घेऊन चालले होते. शाळा सुटायची होती, फाटक लांब होतं आणि चिंच त्याच्याही पलीकडे.

"अप्पा," मी म्हणाले.

"ओ," अप्पा म्हणाले.